स्पीकरच्या पेट्या घरीच करायच्या आहेत. कधी रंधा न धरलेल्या माणसाला जमेल का?

नवा_रंधा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याला राहतो, हॉल दहा बाय बारा. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, त्यातही पुरुष गायक जास्त. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे मोठ्या आवाजाची हौस नाही. तयार स्पीकरच्या किमती बघितल्या आणि ठरवलं की वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा) विकत आणायचे, पेट्या आपण करायच्या. सुतारकामाचा अनुभव म्हणाल तर भिंतीला फळी ठोकण्यापलीकडे नाही. घरात ड्रिल आहे, गुण्या आहे आणि एक करवत आहे, जी कुणी कधी आणली ते कुणालाच आठवत नाही.

ओळखीच्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "सागवानात करा साहेब. एमडीएफ म्हणजे निव्वळ भुसा. लाकडातनं आवाज गोड येतो." मिस्त्रींचा शब्द मोडवत नाही आणि नेटवर तर जो तो एमडीएफच, म्हणजे भुसा गोंदात दाबून केलेला बोर्डच, सांगतो.

वूफर साडेपाच इंची, आठ ओहमचा. सोबतच्या कागदावर एफएस ५० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस २० लिटर असं छापलंय. पेटी केवढी करायची ते यातनंच निघतं म्हणे. कसं, ते कुणी सांगेल का?

पेठेतला

भावा, एवढं कशाला लिहीत बसलाईस. आमच्या तालमीत डॉल्बी हाय, दोन १५ इंची उचलून ने. आलाप सुरू झाला की कळंबा जेलच्या भिंतीतली पाखरं उडाली पायजेत. नाद खुळा!

जुना_व्हॉल्व्ह

पेठकर, तुमची थट्टा चालू द्या, पण डॉल्बीची पेटी घरात का चालत नाही ते नवीन माणसाला कळलेलं बरं. मिरवणुकीतला वूफर एका वॅटला, एक मीटरवर, ९७ ते १०० डेसिबल देतो. घरगुती साडेपाच इंची साधारण ८६-८८. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला दहापट वॅट. तो जोर मिळवायला मोठी पेटी लागते आणि खालचे सूर सोडून द्यावे लागतात. छाती दणाणते म्हणून आपल्याला तो बास खोल वाटतो इतकंच. आणि निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत घालून दिली आहे, हे तालमीला कुणी सांगायचं तो वेगळा धागा.

आता नवा_रंधा यांच्या कागदाकडे येऊ. पूर्वी पेटीचं माप म्हणजे पुष्कळसं अंदाजपंचे दाहोदरसे. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्या पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या सुमारास याचं गणित बसवून दिलं. तुमच्या कागदावरचे तीन आकडे त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

एफएस म्हणजे उघड्या हवेत वूफरचा पडदा ज्या कंपनसंख्येला आपणहून सर्वांत जास्त हलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या हलण्याला लगाम किती. आकडा जितका लहान, लगाम तितका घट्ट. व्हीएएस जरा फसवं आहे, ते पेटीचं माप नव्हे. वूफरच्या झुलीत (पडदा ज्यावर झुलतो त्या लवचीक भागात) जेवढा ताठपणा आहे तेवढाच ताठपणा किती लिटर कोंडलेल्या हवेत असेल, तो हा आकडा.

बंद पेटीसाठी हिशोब शाळेतलाच. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. पेटी दहा लिटरची धरली तर २० भागिले १० म्हणजे २, एक मिळवून ३, वर्गमूळ १.७३. या १.७३ ने क्यूटीएसला गुणलं की ०.६९ आणि एफएसला गुणलं की ८७ हर्ट्झ. पहिला आकडा ०.७ च्या आसपास आला की आवाज उंचवटा न येता सपाट खाली उतरतो. तो १ च्या वर गेला की बास फुगतो आणि कुणीही वाजवलेला डग्गा एकाच छापाचा "धुम्म" ऐकू येतो. तुमच्या वूफरला दहा लिटर छान बसतात.

नळीवाली, म्हणजे पोर्टची पेटी आणखी खाली जाते. पण तिथं नळीची लांबी चुकली की सगळं बिघडतं, आणि नळीच्या सुराखाली वूफरला हवेचा आधार राहत नाही, पडदा मोकाट सुटतो. पहिली पेटी बंदच करा. हे सगळं करून बघायला विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

काळी_चार

काका, एक शंका. पुरुष गायकाचा सा काळी एक धरला तर तो १३८.६ हर्ट्झचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. पेटी जर ८७ लाच उतरायला लागली, तर यांना खर्ज ऐकूच येणार नाही का? मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

जुना_व्हॉल्व्ह

ताई, नेमकं पकडलंत. ८७ ला आवाज तोडलेला नसतो, तिथून तो उतरायला लागतो. बंद पेटीत हा उतार सावकाश असतो. ६९ हर्ट्झला तुमचा खर्ज साधारण साडेपाच डेसिबलने खाली असेल. स्पीकर भिंतीजवळ ठेवला की खोली त्यातला काही भाग परत देते. शिवाय जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, खर्जाच्या तारेत वरचे स्वरांश इतके भरलेले असतात की मूळ सूर थोडा दबला तरी कान तो भरून काढतो. छोट्या रेडिओवरही आपल्याला तंबोरा ओळखू यायचा, तो असाच.

काळी_चार

पटलं. माझी पट्टी काळी चार, खर्ज १०४ ला. म्हणजे माझ्यासाठी तर पेटी पुरून उरते.

पण मिस्त्रींच्या बाजूने एक बोलू का? आमच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. भोपळा कुठला, तून लाकूड किती वर्षं वाळलेलं, तबली किती पातळ, यावर तिथले कारागीर आयुष्य घालवतात, कारण लाकडातनंच आवाज येतो. मग स्पीकरच्या पेटीला तोच न्याय का नको?

वखारवाला

ताई, तंबोऱ्याच्या तारेला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो, तो भोपळा आणि तबली मिळून देतात. स्पीकरमध्ये तोच तंबोरा गाऊन झालेला असतो. तिथं पेटी गायला लागली तर एका तंबोऱ्याशेजारी दुसरा, भलत्याच सुरात लागलेला, बसवल्यासारखं होईल. म्हणून तंबोऱ्याची पेटी बोलकी हवी आणि स्पीकरची मुकी.

सागवान वाईट असं नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण अखंड फळी हवेतल्या ओलीबरोबर आडवी फुगते-आकसते. साग त्यातल्या त्यात शहाणा, कमी हलतो, पण हलतोच. एप्रिलमधली कोल्हापूरची हवा आणि जुलैतली हवा यांच्यात चिकटवलेले कोपरे दरवर्षी ओढले जाणार. कपाटाला फट पडली तर झुरळ जातं, स्पीकरला फट पडली तर बास जातो.

तुम्ही १८ मिलिमीटरचा एमडीएफ घ्या. सगळीकडे सारखा, आत पोकळी नाही, कापल्यावर धार सरळ येते. जड आहे, आठ बाय चारची शीट चाळीस किलोच्या घरात जाते, पण इथं वजन फायद्याचंच. मिस्त्रींचा मान राखायचा तर वरून सागाचा व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, त्यांच्याकडून चढवून घ्या. त्यात त्यांचा हात लागेल आणि पेटी देखणी होईल.

शिरोलीकर

एमडीएफ आणि कोल्हापूरचा पाऊस? आमच्याकडे २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं. एमडीएफचं फर्निचर बिस्किटागत फुगलं. मी तरी प्लायच म्हणेन.

वखारवाला

पुराचं पाणी घरात आल्यावर वूफरचा कागदी पडदाही वाचत नाही, मग पेटी मरीन प्लायची असली काय नि नसली काय. रोजच्या पावसाळी दमटपणाला एमडीएफ टिकतो, फक्त कापलेल्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत. कड पाणी शोषते, तोंड तर नीट राहतं. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हात कडांवर मारा, वाळल्यावर पॉलिश पेपर, परत एक हात, मग प्रायमर. तरीही धाकधूक असेल तर एचडीएचएमआर नावाचा बोर्ड घ्या. ओलीला जास्त टिकतो, घट्टही जास्त, पैसे थोडे जादा.

प्लाय हलका आणि ताठ, स्क्रू उत्तम धरतो, हे खरं. पण स्वस्त कमर्शियल प्लायच्या पोटात फटी असतात. पेटी वाजायला लागली की कुठंतरी किरकिर येते आणि ती शोधता शोधता माणूस म्हातारा होतो. चांगला प्लाय परवडत असेल तर माझी ना नाही.

जुना_व्हॉल्व्ह

मी प्लायवालाच, पण नवीन माणसाला एमडीएफ सोपा हे मान्य. फक्त दोन बाजूंच्या मधोमध एक आडवी पट्टी आतून द्या, म्हणजे मोठी फळी दोन छोट्या फळ्यांसारखी वागते. बाहेरून बोटाच्या पेराने ठोकून बघा, पट्टीआधी आणि पट्टीनंतर. फरक कानालाच कळतो.

नवा_रंधा

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मग मापं काय घेऊ? आणि ती करवत…

वखारवाला

करवत होती तिथंच राहू द्या. टिंबर मार्केटमध्ये पॅनल सॉ असलेल्या कुठल्याही दुकानात कटिंग करून देतात. हाताने कापलेली फळी गुण्यात येत नाही आणि पेटीचं निम्मं भांडण तिथंच असतं. मापांची चिठ्ठी मिलिमीटरमध्ये न्या, सूत-इंचात बोलायला गेलात की गोंधळ.

आतलं माप रुंदी १७०, उंची २९०, खोली २३०. गुणाकार केला तर ११.३ लिटर. त्यातनं वूफरचा मागचा भाग, आडवी पट्टी वगैरे वजा जाऊन दहाच्या आसपास राहतात. तिन्ही मापं मुद्दाम वेगळी आहेत. चौकोनी ठोकळा केला तर आतल्या हवेचे तिन्ही घुमारे एकाच सुरावर येऊन बसतील. इथं ते साधारण ५९०, ७५० आणि हजार हर्ट्झला विखुरतात.

एका पेटीला पुढची आणि मागची फळी २०६ बाय ३२६. दोन बाजू ३२६ बाय २३०. वरची आणि खालची १७० बाय २३०. दोन पेट्यांना याच्या दुप्पट. सगळं मिळून आठ चौरस फुटांच्या आत येतं, म्हणजे पूर्ण शीट घ्यायची गरज नाही, अर्धी पुष्कळ झाली. पात्याची जाडी तीनेक मिलिमीटर प्रत्येक कापाला खाते, तेवढं धरा.

आता नीट ऐका. बाजू, वर, खाली, सगळ्यांना २३० हे माप आहे. कारागिराला सांगायचं, आधी २३० च्या पट्ट्या एकाच सेटिंगला काढ, मग त्यातनं तुकडे पाड. सेटिंग मध्ये हलवलं तर कुठं २२९, कुठं २३१, आणि मागची फळी बसवताना कोपऱ्यात फट दिसते. पट्टी एकच असेल तर २३० ऐवजी २२८ आलं तरी बिघडत नाही, सगळीकडे २२८ च असतं. दुकानात घाई असते, लाजायचं नाही, कापल्यावर चारही तुकडे टेबलावर उभे करून डोक्यावरनं बोट फिरवून बघायचं.

उद्यमनगरी

गोल भोकाचं माझ्याकडनं घ्या. वूफर-ट्वीटर फळीच्या पातळीत बसले पाहिजेत, वर उठलेली कड राहिली तर ट्वीटरचा आवाज तिच्यावर आपटून विस्कटतो. त्यासाठी लोक राऊटर (फिरत्या पात्यानं लाकूड कोरायचं यंत्र) वापरतात. नवशिक्यानं पहिल्याच कामाला राऊटर हातात घेऊ नये, बोटं दहाच असतात.

सोपी युक्ती अशी. पुढची फळी दोन थरांत करा. आत १८ मिलिमीटर, त्यावर बाहेरून ६ मिलिमीटरचा पातळ एमडीएफ. पातळ थरात वूफरच्या कडेच्या बाहेरच्या मापाचं भोक, मिलिमीटरभर सैल. जाड थरात पोटाच्या मापाचं लहान भोक. दोन्ही जिगसॉनं कापा, पॉलिश पेपरनं गोल करा, मग एकमेकांवर चिकटवा. आपोआप पायरी तयार. आतले लिटर बदलत नाहीत कारण जादा थर बाहेर आहे. मात्र वूफरच्या कडेची जाडी आधी मोजा, सहाच्या आसपास असेल तरच हे जमतं.

आणि काहीही झालं तरी ड्रायव्हर, म्हणजे वूफर-ट्वीटर, हातात आल्याशिवाय भोक पाडू नका. व्हर्नियरने मोजा, कागदावरच्या मापावर जाऊ नका. एवढंही नको असेल तर उद्यमनगरात सीएनसीवाले आहेत, ड्रॉइंग द्या, काढून देतील.

कापताना तोंडाला मास्क. एमडीएफचा धुरळा पिठासारखा बारीक असतो आणि त्यातला गोंद फॉर्माल्डिहाइडचा. गच्चीत कापा, हॉलमध्ये नको.

पेठेतला

क्लॅम्प कुठनं आणायचं? एका पेटीला सहा-सात लागत्यात की.

उद्यमनगरी

सायकलच्या पंक्चरवाल्याकडनं जुनी ट्यूब आण. बोटभर रुंद पट्ट्या काप, पेटीभोवती ताणून गुंडाळ, गाठ मार. आमचे जुने मिस्त्री असंच करायचे. ट्यूब सगळ्या बाजूंनी सारखी दाबते. गुंडाळल्यावर कर्ण मोजायचे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही सारखे आले की पेटी गुण्यात. नसेल तर लांब कर्णावर हाताने दाब द्यायचा, फेव्हिकॉल ओला आहे तोवर ती सरकते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसायचा, आतला मात्र तसाच कोपऱ्यात बोटानं पसरायचा.

स्क्रू मारायचेच असतील तर आधी बारीक भोक. एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू घातला की ती पुस्तकासारखी उघडते. खरं तर गोंद नीट वाळला की स्क्रूचं काम उरत नाही.

नवा_रंधा

पेट्या उभ्या राहिल्या! कटिंग दुकानात, भोकं जिगसॉनं, ट्यूबही पंक्चरवाल्याचीच. मिस्त्री बघून गेले. पेटीवर टिचकी मारली, "दगडागत वाजतंय" म्हणाले. ही तारीफ होती की तक्रार ते कळलं नाही, पण सागाचा व्हिनिअर लावून द्यायला तयार झालेत.

आता आत काय भरू? आणि हवाबंद झाली की नाही ते कसं बघायचं? क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारी सर्किटची पट्टी) बाजारात तयार मिळतोय, तो घेऊन टाकू का?

जुना_व्हॉल्व्ह

थांबा, तो घेऊ नका. तयार पट्टीवर "३००० हर्ट्झ" छापलेलं असतं ते आठ ओहमचा साधा रोध जोडलाय असं धरून. तुमचा वूफर कधीच आठ ओहम नसतो, सूर बदलला की त्याचा रोध बदलतो. त्यात ट्वीटर वूफरपेक्षा जोरात वाजत असेल तर त्याला किती आवरायचा हेही त्या पट्टीला माहीत नसतं. तुमच्या वूफर-ट्वीटरच्या जोडीवर कुणीतरी मोजमाप करून छापलेली रचना असेल तर तीच जशीच्या तशी करा. पेटीपेक्षा अवघड काम हे आहे आणि ते नवशिक्याचं नाही.

छापलेली रचना घेतलीत तर पुढच्या फळीची रुंदी आणि त्यावरच्या भोकांच्या जागा तिच्याबरहुकूम ठेवा. अरुंद फळीपुढे खालचे सूर मागे वळून जातात आणि वरचे पुढेच येतात. हा बदल कुठं होतो ते रुंदीवर ठरतं, ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भागा. तुमच्या २०६ मिलिमीटरला ते साधारण ५६० हर्ट्झ. क्रॉसओव्हर करणाऱ्यानं त्याची भरपाई आत धरलेली असते. तुमची पुढची फळी अजून सुटी असेल तर नव्या मापानं परत कापायला फार लागत नाही. लिटर कमी-जास्त करायचे ते खोलीत करा, रुंदीत नको.

नवा_रंधा

सुटीच आहे काका. आणि रचना मिळालीय, तिची रुंदी २१० आहे. चार मिलिमीटरनं काही फरक?

जुना_व्हॉल्व्ह

काही नाही. तुमच्या खुर्चीच्या जागेनं त्यापेक्षा जास्त फरक पडेल. भोकांच्या जागा तेवढ्या पाळा.

आत भरायला उशीत भरतात तो रेक्रॉन, एका पेटीला शंभर ग्रॅमच्या आसपास, पिंजून सैल. कापूस नको, तो ओल धरतो आणि खाली बसतो. जुनं घोंगडं असेल तर त्याचा तुकडा मागच्या फळीला आतून लावा, लोकर उत्तम काम करते. फक्त आधी चांगलं ऊन द्या, नाहीतर कसर लागेल. वूफरच्या अगदी मागे काही दाबू नका.

हवाबंद आहे का ते असं बघा. वूफरचा पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी कडेजवळून हळूच आत दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर ठीक. पटकन उसळला तर कुठंतरी गळती. मग ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि उदबत्ती सगळ्या सांध्यांवरनं फिरवा, धूर थरथरला की तिथं फट.

नवा_रंधा

उदबत्ती कामाला आली. सांधे सगळे शांत, एकाच पेटीच्या मागे टर्मिनलच्या कपाभोवती धूर हलत होता. दरवाजाला लावतात ती फोमची पट्टी खाली घातली, थांबलं. वूफरखालीही तीच पट्टी लावली.

पुढची फळी २१० ची नवी कापून आणली. क्रॉसओव्हर सोल्डर करून झालाय. जोडताना अधिक-उणे बरोबर आहे का ते बघायची सोपी रीत आहे का?

जुना_व्हॉल्व्ह

दीड व्होल्टचा सेल घ्या. अधिक टोक वूफरच्या अधिकाला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर खूण बरोबर. ट्वीटरला सेल लावू नका, त्याची तार नाजूक असते. तिथं छापलेल्या रचनेत जशी जोडणी दाखवलीय तशीच करा. कधी कधी ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो, ती छपाईची चूक समजून सुधारू नका.

काळी_चार

ऐकून झालं की कळवा. एखाद्या ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याची जोड (मधल्या दोन सा च्या तारा) आणि खर्ज वेगळे ओळखू येतात का बघा. आणि डग्ग्याची मींड. मनगटानं सूर सरकवताना तो मधेच एका जागी मोठा झाला, तर पेटी तिथं बोलतेय.

नवा_रंधा

ताई, काल रात्री ऐकलं. खर्ज आहे, भारदस्त नाही पण आहे. जोड स्वच्छ. मींड वर जाताना कुठं अडली नाही. भिंतीपासून हातभर पुढं ठेवले होते, वीतभर अंतरावर आणल्यावर खर्ज जरा भरला. सध्या तिथंच ठेवलेत. व्हिनिअर पाऊस सरल्यावर.

पेठेतला

काका, आता खरंच इच्यारतो. गाडीतनं काढल्यालं साडेसहा इंची स्पीकर पडल्यात घरी. क्यूटीएस ०.७५, व्हीएएस १५. ह्याच मापाची पेटी चालंल?

जुना_व्हॉल्व्ह

नाही चालणार. १५ भागिले १०, अधिक एक, वर्गमूळ १.५८, गुणिले ०.७५ म्हणजे १.१९. बास फुगेल. गाडीचा स्पीकर दरवाजात बसायला केलेला असतो, त्याला मागे भरपूर हवा लागते. तीस लिटरची पेटी केलीत तर ०.९२ येतं, ते सुसह्य. ०.७५ च्या खाली मात्र कुठलीच बंद पेटी त्याला नेऊ शकत नाही. आणि ते चार ओहमचे असणार, ॲम्प्लिफायरला चार ओहम चालतात का बघा.

पेठेतला

तीस लिटर म्हंजे अर्ध्या शीटमधी बसंल का दोन्ही?

वखारवाला

आतलं २५० बाय ४०० बाय ३०० धरलं तर दोन्हीला मिळून सव्वाचौदा चौरस फूट लागतात. अर्धी शीट सोळाची, त्यात पात्याची जाडी. बसतं, पण अगदी काठावर. पूर्ण घे, उरलेल्यात स्टँड कर. सोमवारी बंद असतं आमचं, मंगळवारी ये.